करडांना डालग्यातून मचाणावर घ्या

मृगाचा पहिला पाऊस झाला की आमच्या संगमनेर तालुक्यात दोन गोष्टी हमखास होतात. माणसे बाजरीच्या बियाण्याची चौकशी करू लागतात आणि घराघरांतली करडे शिंकू लागतात. बियाण्यासाठी लोक तालुक्याला येतात. करडांसाठी कोणी येत नाही. एखादे मेले तर "ते जगायचंच नव्हतं" म्हणून घरची बाई पदराला डोळे पुसते आणि उरलेल्यांना डालग्याखाली झाकते.

पठार भागातल्या एका घरी एका पावसाळ्यात मी हे जवळून पाहिले. चार शेळ्यांना मिळून सात करडे झाली होती. पोळ्यापर्यंत त्यांतली चार गेली. त्या घरात शेळी म्हणजे चहाचे दूध, बाजाराच्या दिवशीची मोड आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. चार करडे गेली म्हणजे पुढच्या वर्षीचे सगळे हिशेब बसले.

या नुकसानीत माझाही हात होता, हे आधी सांगितले पाहिजे. आदल्या वर्षी मीच त्यांना सांगितले होते की, जमीन ओली राहते तर कोबा करून घ्या, धुवायला सोपा जाईल. त्यांनी पैसे जमवून कोबा केला. पुन्हा गेलो तेव्हा त्या मावशी म्हणाल्या, "साहेब, कोबा लई गुळगुळीत झाला. पण करडं त्याच्यावरच मुतत्यात आन त्याच्यावरच बसत्यात. रातच्याला हात लावला तर बर्फावानी गार." मी उतार सांगितला नव्हता, नाली सांगितली नव्हती. मुरमाची जमीन निदान थोडे मूत पिते, कोबा थेंबही पीत नाही. वर पावसाळ्यात धुतलेला कोबा दिवसभर वाळत नाही. धुवायला सोपे आणि स्वच्छ ठेवायला सोपे या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला त्या घरी कळले.

संगमनेरी शेळी ही आपल्या गावाचे नाव लावणारी जात आहे. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांत ती मुख्यतः आढळते. बहुतेक पांढरी, काही काळे-तांबडे ठिपके असलेली, कान लोंबते, शिंगे मागे वळून वर गेलेली. दूधही देते आणि मांसालाही चांगली. जुळी होणे हे तर तिच्या बाबतीत नेहमीचेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचे काम चालते. पण विद्यापीठाने कितीही चांगला बोकड तयार केला, तरी त्याचे करडू आपल्या घरी तीन महिने जगले पाहिजे. त्यातही मादी करडू गेले तर पुढे होणारी शेळी गेली, आणि शुद्ध लक्षणांची शेळी शोधायला गेले तर ती लवकर सापडत नाही.

आता डालग्याविषयी. डालगे वाईट आहे असे मी म्हणत नाही. करडांनी आईचे सगळे दूध पिऊ नये, कुत्र्याने नेऊ नये, पायात येऊ नये, म्हणून आपल्या आयाबायांनी ही युक्ती काढली. तास-दोन तासांसाठी ती ठीकच आहे. पण तीन करडे रात्रभर एका डालग्याखाली, ओल्या मातीवर, आपल्याच लेंड्या-मुतात बसली तर काय होते? पहाटे डालगे उचलताना उकिडवे बसा आणि करडाच्या तोंडाच्या उंचीवर आपले नाक न्या. डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास येतो. तो अमोनिया. आपण उभे असतो म्हणून आपल्याला तो जाणवत नाही, करडू मात्र रात्रभर तोच श्वास घेते. त्याने नाकाची व फुप्फुसाची आतली त्वचा दुखावते, मग गारठ्यात न्यूमोनियाला वाट मोकळी होते.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. करडांना काळपट, कधी आव-रक्त मिसळलेली हगवण लागते, अंग वाळते, केस उभे राहतात. याला डॉक्टर कॉक्सिडिओसिस म्हणतात. साधारण तीन आठवड्यांपासून पुढे चार-पाच महिन्यांपर्यंत हा धोका अधिक. या रोगजंतूची अंडी लेंडीतून पडतात. पडल्या पडल्या ती रोग देत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत ती पक्व होतात, आणि करडाने घाण लागलेला पाला खाल्ला, आईची मळलेली कास चोखली की पोटात जातात. बरेच लोक फिनेल टाकून निर्धास्त होतात. फिनेलने ही अंडी मरत नाहीत. ती मरतात कडक उन्हाने, कोरडेपणाने आणि उकळत्या पाण्याने. म्हणजे औषधाच्या बाटलीआधी जागेचा विचार हवा. लेंडी पडली की ती करडापासून दूर गेली पाहिजे, आणि करडाची बैठक रोज वाळली पाहिजे.

यावर उपाय म्हणजे मचाण. त्याच मावशींच्या घरी आम्ही ते केले. गावच्या सुताराने दोन दिवसांत उभे केले. त्याची मापे देतो. घरी कोणाला करवत धरता येत असेल तर सुताराचीही गरज नाही.

लांबी 8 फूट आणि रुंदी 4 फूट. म्हणजे 32 चौरस फूट झाले. दर करडाला 4 चौरस फूट धरली तर तीन महिन्यांपर्यंतची आठ करडे त्यात आरामात राहतात. दहा-बारा कोंबू नका. रुंदी 4 फुटांपेक्षा जास्त करू नका, कारण दोन्ही लांब बाजूंनी दारे ठेवली तर हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत शिरावे लागत नाही. जिथे आत शिरावे लागते तिथे झाडणे उद्यावर जाते, हा माझा अनुभव आहे.

बाभळीचे किंवा निलगिरीचे सहा खांब पुरा. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा. जमिनीपासून 2 फूट उंचीवर लांबीच्या दिशेने तीन आडवे वासे ठोका, एक पुढे, एक मध्ये, एक मागे. दोन फूट उंची अशासाठी की, खालून खोऱ्याने लेंड्या ओढता आल्या पाहिजेत. काही जण फूटभरच उंची ठेवतात. मग खाली लेंड्यांचा ढीग साचतो, त्याचाच वास वर येतो आणि मचाण करून न केल्यासारखे होते.

खरी करामत आहे ती तळाची. तळ ठोकून बसवायचा नाही. रिपांचे चार सुटे पाट करायचे, प्रत्येक 2 फूट रुंद आणि 4 फूट लांब. रीप दीड इंच रुंद, एक इंच जाड, दोन रिपांमध्ये अर्ध्या इंचाची फट. एका पाटाला अशा बारा रिपा लागतात. खालच्या बाजूने दोन आडव्या पट्ट्या मारा, पण त्या पुढच्या आणि मागच्या वाशाच्या आतल्या अंगाला येतील अशा. म्हणजे पाट वाशावर बसला की मागेपुढे सरकत नाही आणि उचलला की सहज निघतो. फटीचे माप नीट सांभाळा. अर्ध्या इंचातून लेंडी खाली पडते आणि करडाचा खूर अडकत नाही. फट इंचभर झाली तर पाय मोडेल. रिपांच्या वरच्या कडा रंध्याने थोड्या मारून घ्या आणि वर आलेले खिळे हात फिरवून तपासा.

चार पाट लागतात, पण करताना पाच करा. रोज सकाळी एक पाट काढायचा, त्या जागी पाचवा घालायचा आणि काढलेला पाट खराट्याने घासून भिंतीला उन्हात उभा करायचा. पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्याची पाळी येते. सारे मिळून पाच-सात मिनिटांचे काम, शाळेत जाण्यापूर्वी पोरेही करतात. पावसाची झड लागून ऊन नसेल तेव्हा चुलीवरचे उकळते पाणी पाटावर ओता आणि पाट चुलीजवळ टेकवून वाळवा. ओला पाट मात्र करडांखाली घालू नका. त्यापेक्षा न घासलेला कोरडा पाट बरा. पाचही पाटांना मिळून सुमारे 240 फूट रीप लागते, आडव्या पट्ट्यांची वेगळी. वखारीतली नवी रीप महाग वाटली तर अकोल्याकडचा वेळू चिरून वापरता येतो. तो घासायला थोडा अवघड आणि टिकायला कमी, पण काम भागते.

भिंतींना तळापासून दीड फुटापर्यंत फळ्या किंवा तट्ट्या लावा, त्यावर जाळी. करडू बसलेले असताना अंगावर थेट वारा येऊ नये आणि डोक्यावरून हवा खेळती राहावी, एवढाच यातला हेतू. पाऊस आपल्याकडे बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूंना पोत्यांचा पडदा सोडण्याची सोय करा. पडदा थेट छपरापर्यंत नेऊन जागा कोंडू नका, वर वीतभर फट राहू द्या. तोंड पूर्वेला ठेवले तर सकाळचे कोवळे ऊन आत येते. छप्पर पुढे साडेपाच फूट, मागे पाच फूट उंच, चारी बाजूंनी फूटभर बाहेर काढलेले. पत्रा असेल तर उन्हाळ्यात त्यावर उसाचे पाचट बांधा, नाहीतर दुपारी आत भट्टी होते.

थंडीत खालून वारा लागतो ही तक्रार खरी आहे. मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे पहाटे चांगलेच गारठते. त्यासाठी अर्ध्या तळावर कोरडी पोती अंथरा आणि ती दररोज बदलून उन्हात टाका. नवजात करडाला पहिला आठवडा पोत्यावरच ठेवावे. त्याला तासाभरात चीक पाजणे आणि नाळेला आयोडीन लावणे हे तर मचाण असो वा नसो, करायचेच आहे.

पाला मचाणाच्या आत टाकू नका. पुढच्या बाजूला बाहेरून गव्हाण बांधा आणि मध्ये उभ्या पट्ट्या लावा, करडाचे तोंड बाहेर जाईल पण अंग जाणार नाही इतक्या अंतराने. शेवरीची, सुबाभळीची किंवा दशरथ घासाची जुडी वर टांगली तर करडे मान वर करून आनंदाने खातात. पाण्याची बादलीही बाहेरच, कडीत अडकवलेली. आत ठेवली तर तासाभरात तिच्यात लेंड्या दिसतील.

मचाणाखालची जमीन मुरूम घालून चोपा, मागे तीन इंच उतार द्या आणि तिकडे लहानसा खड्डा काढा. एक दिवसाआड लेंड्या ओढून उकिरड्यावर टाका. कांद्याला आणि डाळिंबाला लेंडीखत किती मानवते हे शेतकऱ्यांना मी सांगायला नको. मोठ्या शेळ्यांना मात्र मचाणाची घाई करू नका. त्यांना प्रत्येकी 10 चौरस फूट छपराखालची आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा, खाली मुरूम, आणि पावसाळ्यापूर्वी वरचा चार इंच मुरूम खरवडून नवा भरणे एवढे पुरते. मावशींच्या कोब्यावर आम्ही तेच केले, मुरूम पसरला.

एक गंमत सांगतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात डोंगराळ भागातली कुटुंबे गिनीपिग नावाचा, सशापेक्षा लहान, बिनशेपटीचा प्राणी मांसासाठी पाळतात. पिढ्यान्‌पिढ्या तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेला मोकळा असे. लहान-मोठे, गाभण, आजारी सगळे एकत्र. तिथल्या शेतीतज्ज्ञांनीही बायाबापड्यांना सांगितले ते हेच, की त्यांचे कप्पे करा आणि वयाप्रमाणे वेगळे ठेवा. आपल्याकडेही महिनाभराहून अधिक अंतराची करडे एकत्र ठेवू नयेत. मोठी लहानांना पाल्याजवळ येऊ देत नाहीत, आणि मोठ्यांच्या लेंडीतला रोग लहानांना चटकन लागतो. एक खेप बाहेर पडली की पाचही पाट उकळत्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, मगच दुसरी खेप आत घ्या.

दिवसभर करडांना मचाणावर कोंडायचे नाही, हेही सांगून ठेवतो. ऊन चढले की कुंपणाच्या मोकळ्या जागेत सोडा, चार धोंडे रचून ठेवा, त्यांवर ती उड्या मारतील. आईकडे दिवसातून दोन-तीनदा पाजायला न्या. हगवण लागलेले करडू लगेच वेगळे करून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मी शेतीचा माणूस, औषधाची मात्रा सांगणे माझे काम नव्हे.

प्रवराकाठच्या उसाच्या पट्ट्यातल्या घरांसाठी आणखी एक. रिपांचे आणि जाळीचे मचाण कुत्र्या-मांजराला, मुंगसाला अडवते, बिबट्याला अडवत नाही. तिकडे मचाण शेताच्या बांधावर उभे करू नका. घराच्या भिंतीला लागून, पक्क्या वाड्याच्या आत घ्या, रात्री दिवा ठेवा. दाराला नुसती दोरी नको, कडी-कोयंडा बसवा.

मावशींच्या मचाणावर पुढच्या पावसाळ्यात सहा करडे होती. त्यांतले एक जन्मतःच अशक्त होते, ते आठवड्यात गेले. बाकीची पाच दिवाळीला अंगणात होती. मी गेलो तेव्हा डालगे ओसरीवर उलटे पडले होते आणि त्यात वाळवायच्या शेंगा होत्या. मावशींचे पुढचे म्हणणे असे की, कोंबड्यांच्या खुराड्यालाही असाच सुटा तळ करून द्या. सुताराला मी माप देऊन आलो आहे.