शहराची शेगडी आणि शेतातील काड्या

भिलाईलगतच्या उतई परिसरात शेत आणि शहर एकमेकांना भिडतात. धानाच्या बांधांवरील तुरीच्या काड्या खेड्यातील चुलीत थेट जळतात. मात्र दारेसलाम, लुसाका यांसारख्या आफ्रिकी महानगरांत असंख्य कुटुंबे लाकडाऐवजी लोणारी कोळसा वापरतात. असे का घडते?

पहिले कारण वाहतुकीचे. कोरड्या लाकडाच्या तुलनेत तितक्याच वजनाच्या कोळशात जवळपास दुप्पट ऊर्जा असते. त्यामुळे तो दूरवरून आणणे परवडते. दुसरे कारण घराचे. कोळशाला धूर अत्यल्प असतो, म्हणून एका खोलीतही शेगडी पेटवता येते. तिसरे कारण हातातील पैशाचे. गॅससाठी सिलिंडरची किंमत एकरकमी द्यावी लागते. कोळसा मात्र रोजच्या मजुरीतून किलो-दोन किलो घेता येतो. चौथे कारण साठवणुकीचे. लाकडातील सेल्युलोजवर वाळवी आणि स्टार्चवर भुंगेरे जगतात. कोळशात यांपैकी काहीच उरत नाही, म्हणून त्याला कीड लागत नाही.

या सोयीची किंमत जंगल मोजते. पारंपरिक मातीच्या भट्टीत 1 किलो कोळशासाठी साधारणतः 5 ते 8 किलो लाकूड खर्ची पडते, म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा भट्टीतच वाया जाते.

यावर शेतातील अवशेष हा एक पर्याय आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी तिला 2002 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. बंद पिंपात पाचट तापवून मिळालेल्या भुकटीच्या कांड्या केल्या जातात. तुरीच्या काड्या आणि पऱ्हाटी यांचाही कोळसा होऊ शकतो.

पऱ्हाटीच्या बाबतीत यात पीकसंरक्षणही साधते. वेचणीनंतर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते. सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीतून निघणारे पतंग पुढील हंगामात नव्या पिकावर अंडी घालतात. शेवटच्या वेचणीनंतर लगेच कोळसा केल्यास अळीही नष्ट होते. अळीग्रस्त पऱ्हाटी मात्र दुसऱ्या गावी नेऊ नये. भट्टी शिवारातच असावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी एक इशारा प्रत्येक सभेत द्यावा. धूर दिसत नाही म्हणून कोळसा निर्धोक ठरत नाही. बंद खोलीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन आणि प्राणघातक असतो. खिडकी-दार उघडे ठेवावे. पेटती शेगडी घेऊन कधीही झोपू नये.