हसू परत आणणारी गुठळी

पुढचा दात गेला की माणूस आधी मोकळे हसणे सोडतो. मग बोलताना 'त', 'द', 'स' अडखळतात. कविता वाचणाऱ्याची तर पंचाईतच!

दुचाकीवरून पडून दात मुळाशी मोडला, तर दंतवैद्य मूळ अलगद काढून त्याच बैठकीत हाडात टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवू शकतात. मात्र मुळाची खोबण रुंद आणि स्क्रू बारीक, त्यामुळे फट राहते. ओठाकडची हाडाची भिंतही पातळ असते. ती झिजली की हिरडी मागे सरते.

इथे आपलेच रक्त मदतीला येते. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये 'प्लेटलेट-रिच फायब्रिन'ची पद्धत मांडली. दंडातून सुमारे दहा मिलिलिटर रक्त घेऊन, त्यात कोणतेही औषध न मिसळता, ते यंत्रात दहा-बारा मिनिटे फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी जातात, पिवळसर द्रव वर राहतो आणि मध्ये जेलीसारखी गुठळी तयार होते. तिच्या जाळ्यात अडकलेल्या प्लेटलेट जखम भरणारे घटक काही दिवस हळूहळू सोडतात. ही गुठळी फटीत भरतात किंवा दाबून तिचा पडदा करतात.

हिरडी भरायला तिची मदत होते. पण ती हाडाची जागा घेत नाही. अनेकदा हाडाची भुकटीही घालावी लागते. इम्प्लांट हाडात रुजायला काही महिने लागतात.

आपल्या राजुऱ्याकडे गालात खर्रा असतो. तंबाखूने जखम उशिरा भरते, इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. रक्त आपले काम करील; खर्रा मात्र आपणच थुंकायला हवा.