विशेषणांखाली हरवलेले मच्छिंद्र कांबळी

2025च्या ऑक्टोबरात गंगाराम गवाणकर गेले. मोबाइलवर आलेल्या कितीतरी श्रद्धांजल्या मात्र मच्छिंद्र कांबळींवर सुरू होऊन त्यांच्यावरच संपत होत्या. ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक लिहिणारा माणूस स्वतःच्या मरणाच्या दिवशीही त्यातल्या नटाच्या चरित्रातली एक ओळ होऊन राहिला. हे मला लागलं, म्हणून कांबळींची इंटरनेटवरची चरित्रं ओळीओळीने तपासायला घेतली.

पहिल्याच ओळीत ठेच लागते. 1947 साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्म म्हणे! हा जिल्हा झाला 1 मे 1981ला. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. मालवणजवळच्या ज्या रेवंडी गावच्या भद्रकाली देवीचं नाव त्यांनी आपल्या नाट्यसंस्थेला दिलं, त्या रेवंडीचा कित्येकदा उल्लेखच नाही. पुढे पाच हजार प्रयोग. हा आकडा ‘वस्त्रहरण’चा. कांबळी 30 सप्टेंबर 2007ला गेले, त्यांच्यामागेही नाटक होत राहिलं. मग यातले त्यांनी केलेले किती? ‘मालवणी नटसम्राट’ असंही छापतात. त्यांना असं पहिल्यांदा कोणी म्हटलं, कुठे, कधी, याचा पत्ता नाही.

खरी गोष्ट आहे ऐंशीच्या दशकाची, आणि तीच दोन वाक्यांत उरकलेली असते. 1980मध्ये नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा ते लगेच डोक्यावर घेतलं गेलं नाही. मालवणी म्हणजे गड्यामाणसांची बोली, चार विनोदांपुरती ठीक, असं मानणारी शिष्ट मंडळी तेव्हा खूप होती. पु. लं.नी मनापासून दाद दिली आणि त्या मंडळींची तोंडं बंद झाली. 1982च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गावागावांतली मनीऑर्डर आटली. तरी गणपतीला आलेले चाकरमानी पडवीत बसून नाटकातल्या तात्या सरपंचाचे संवाद म्हणायचे, म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. आपली बोली तिकीट काढून ऐकली जाते, याचा अभिमान आम्हा पोरांना त्या वर्षांत पहिल्यांदा कळला. हे कांबळींचं काम, तसंच गवाणकरांचंही.

नंतरच्या वर्षांत पुनःप्रयोग आणि सत्कारही झाले. त्यांवर थांबावंसं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकातलं ‘वस्त्रहरण’चं एक हस्तपत्रक माझ्याकडे आहे. पातळ गुलाबी कागद, शाई पाठीमागे उमटलेली. नाटकाच्या नावाखाली लगेच लेखकाचं नाव, नटांची नावं त्याच्याखाली. कांबळींचं चरित्र लिहिणाऱ्याने असा कागद शोधायला हवा. मंडळांच्या स्मरणिका, जुन्या वृत्तपत्रांतल्या जाहिराती, गावच्या ट्रंकांतले फोटो अजून मिळतात. वाळवी लागण्याआधी त्यांवर तारखा घालाव्यात. ‘अजरामर’, ‘अष्टपैलू’ काढून टाकले तर कांबळी लहान होत नाहीत, उलट दिसू लागतात.

आणि गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे, एवढं तरी त्या चरित्रात लिहा.