स्वयंचलित गियर उशिरा का लागतो?

मुळा नदीच्या काठचे वाकड हे पूर्वी शेतीचे गाव होते. आज त्याच्या एका अंगास हिंजवडी, दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि उत्तरेस चाकणची औद्योगिक वसाहत आहे. चाकण येथे २००९ साली फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि इतरही कारखान्यांनी तेथे बस्तान बसविले. साहजिकच या भागातील शेतकरी कुटुंबांच्या दारी आता क्लचचे पेडल नसलेल्या, म्हणजे स्वयंचलित गियरच्या मोटारी उभ्या दिसतात. शेततळी खोदण्यास व जमीन सपाट करण्यास जे बॅकहो यंत्र गावोगाव फिरते, त्यातही पुढच्या व मागच्या गतीचे क्लच तेलाच्या दाबावर चालतात. अशा वाहनांत वारंवार आढळणारा एक दोष म्हणजे गियर उशिरा लागणे. त्याचे निदान कसे करावे, याची माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे अगत्याचे आहे.

दोषाचे लक्षण असे. चालक दांडा 'एन' वरून 'डी' वर किंवा 'आर' वर नेतो. परंतु गाडी जागची हलत नाही. दोन-तीन सेकंद जातात आणि मग एकाएकी धक्का बसून गाडी चालू लागते. पुष्कळ चालक या अवधीत उतावीळपणे ॲक्सिलरेटर दाबतात. तेवढ्यात गियर लागला तर गाडी झेप घेते. अंगणात मुले खेळत असतील किंवा मागे गोठा असेल तर अशी झेप प्राणघातक ठरू शकते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा सारा भार क्लचच्या चकत्यांवर अवचित पडून त्या जळू लागतात. म्हणून गियर लागल्याची खात्री होईपर्यंत ब्रेकवरील पाय काढू नये व ॲक्सिलरेटरला स्पर्श करू नये.

हा विलंब का होतो हे कळण्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. इंजिनाची शक्ती तेलाच्या द्वारे पुढे नेण्याचे साधन जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी शोधून काढले. पुढे १९३९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने 'हायड्रामॅटिक' नावाचा स्वयंचलित गियरबॉक्स मोटारीत बसवून विक्रीस आणला. आजच्या गियरबॉक्सांत सुधारणा पुष्कळ झाल्या असल्या, तरी तेलाच्या दाबाने क्लच आवळण्याचे तत्त्व कायम आहे. इंजिन चालू झाले की पंप तळातील तेल गाळणीतून ओढून घेतो व त्यास दाब देतो. दांडा हलविताच झडपा उघडून ते तेल त्या त्या क्लचच्या पिस्टनमागे भरते. पिस्टन चकत्यांना आवळतो आणि चाकांना गती मिळते. तेव्हा गियर लागण्यास लागणारा वेळ म्हणजे तेल भरून दाब चढण्यास लागणारा वेळ होय. पाटाचे पाणी वाफ्यास उशिरा पोहोचू लागले तर विहिरीत पाणी कमी आहे, पाट तुंबला आहे, की मध्येच बांध फुटला आहे, हे शेतकरी क्रमाने पाहतो. येथेही तोच क्रम धरावयाचा आहे.

प्रथम विलंब मोजावा. गाडी सपाट व मोकळ्या जागी उभी करावी, चाकांना उटी लावावी, हातब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक दाबून धरावा आणि गाडीच्या पुढेमागे कोणी उभे राहू नये. इंजिन चालवून तेल चांगले गरम होऊ द्यावे व इंजिन मंद गतीवर असताना दांडा 'एन' वरून 'डी' वर न्यावा. गियर लागल्याचा हलका हिसका जाणवेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजावा. अशा तीन मोजण्यांची सरासरी काढावी. त्याच रीतीने 'आर' चीही मोजणी करावी. अनेक मोटारींच्या दुरुस्ती-पुस्तिकांत 'डी' साठी सुमारे १.२ सेकंद व 'आर' साठी सुमारे १.५ सेकंद ही मर्यादा दिलेली असते. तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

या मोजणीवरून बराच बोध होतो. पुढील व मागील, दोन्ही गतींना विलंब होत असेल तर दोष दोहोंना समाईक असलेल्या भागात, म्हणजे तेल, गाळणी, पंप किंवा मुख्य दाब यांत असण्याचा संभव अधिक. एकाच गतीला विलंब होत असेल तर त्या गतीचा क्लच, त्याचे सील अथवा त्याची झडप यांकडे संशय जातो. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी पहिल्याच वेळी विलंब होऊन नंतर सर्व सुरळीत चालत असेल, तर रात्री टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल तळात उतरते किंवा रबरी सील कडक झाले आहेत असे समजावे. उलट, गाडी तापल्यावरच विलंब वाढत असेल, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या भागांतून निसटत आहे असे अनुमान निघते.

त्यानंतर तेल पाहावे. बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन मंद गतीवर चालू ठेवून आणि दांडा सर्व स्थानांतून फिरवून 'पी' वर आणल्यावर पातळी पाहतात. काहींत इंजिन बंद करून पाहण्याची रीत आहे. कित्येक नव्या गाड्यांना डिपस्टिक नसतेच. त्यांची पातळी ठरावीक तापमानाला तळाशी असलेल्या बुचातून तपासावी लागते व ते काम वर्कशॉपमध्येच करून घ्यावे. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो, फेस होतो आणि दाब चढत नाही. प्रमाणाबाहेर भरलेल्या तेलाचाही फेस होतो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हे तेल इंजिनाच्या तेलाप्रमाणे जळून कमी होत नाही. ते कमी झाले असेल तर कोठे तरी गळती आहेच. गळती न शोधता नुसते तेल ओतीत राहणे म्हणजे फुटक्या बांधात पाणी भरीत राहणे होय.

तेलाचा रंग व वासही पाहावा. तेल काळपट असून त्यास करपट वास येत असेल तर क्लचच्या चकत्या जळाल्या आहेत असे समजावे. ते दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. असे पाणी रेडिएटरमधील फुटक्या कूलरमधून किंवा पुराच्या पाण्यातून येते. पावसाळ्यात मुळा-पवनेच्या काठी गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर तेल तपासल्यावाचून ती चालवू नये. तेल बदलताना पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच भरावे.

तेल ठीक असेल तर दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंतची केबल ढिली झाली आहे काय, गाळणी तुंबली आहे काय आणि बॅटरी कमजोर आहे काय हे पाहावे. आजच्या गियरबॉक्सातील झडपा विजेच्या सोलेनॉइडने उघडतात. म्हणून स्कॅनर लावून दोषसंकेत वाचून घ्यावेत. इतके झाल्यावर दाबमापकाने तेलाचा दाब मोजावा. दाब कमी असेल तर पंप अथवा झडपा तपासाव्या लागतात. दाब पुरेसा असूनही विलंब होत असेल तर क्लचची झीज किंवा सीलमधील गळती मानावी. गियरबॉक्स उघडण्याची वेळ येथे येते, त्यापूर्वी नाही. काही रुपयांच्या तेलाने किंवा केबल जुळविण्याने जाणारा दोष असताना संपूर्ण गियरबॉक्स खोलला गेला, तर एका हंगामाची मिळकत त्यात जाऊ शकते.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी एकाच जातीची नसते. काही गाड्यांत साधाच गियरबॉक्स असून त्याचा क्लच यंत्राने दाबला जातो. त्यांस एएमटी म्हणतात व त्यांपैकी पुष्कळांना 'पी' हे स्थान नसते. त्यांत विलंब झाल्यास क्लच प्लेटची झीज, क्लच दाबणारे यंत्र व ब्रेक पेडलखालील स्विच यांची तपासणी करावी. वर्कशॉपमध्ये जाण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे जाणून घ्यावे.

वाकड-हिंजवडी रस्त्यावरील दाटीत तासन्‌तास थांबत चालणे आणि खंडाळ्याचा घाट भार घेऊन चढणे, या दोहोंनी गियरचे तेल तापते व लवकर निकामी होते. अशा गाड्यांचे तेल पुस्तिकेत कठीण वापरासाठी दिलेल्या मुदतीतच बदलावे. आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. स्वयंचलित गियरची गाडी बंद पडल्यास ती ट्रॅक्टरला दोर बांधून दूरवर ओढीत नेऊ नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही. चाके मात्र फिरत राहतात आणि आतील भाग तेलावाचून घासले जातात. इंजिनाची शक्ती मिळणारी चाके उचलूनच गाडी न्यावी. ढकलून ती सुरू करण्याचा यत्नही व्यर्थ होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाहनधारक शेतकऱ्यांना ही माहिती समजावून द्यावी. विलंब कोणत्या गतीला होतो, गाडी थंड असताना होतो की तापल्यावर, तो किती सेकंदांचा आहे आणि तेल कसे दिसते, या चार गोष्टी कागदावर टिपून वर्कशॉपमध्ये दाखविल्या तर कारागिराचा वेळ वाचतो व मालकाची फसगत टळते. विलंब प्रथम जाणवेल त्याच दिवशी तेल पाहण्याची सवय ठेवणारा वाहनधारक पुढील मोठ्या खर्चातून बहुधा सुटतो.