नागिणीची लस आणि वाढदिवसाची रेघ

लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या? कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ, शाळेला सुट्टी, मग खपल्या पडल्या आणि सगळे विसरून गेले. कांजिण्यांचा विषाणू मात्र कुठेच गेला नाही! तो पाठीच्या कण्यालगत, मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन निजला. आजही तो तिथेच आहे.

साठी-सत्तरीत शरीराचा पहारा ढिला पडला की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. तिथे फोडांचा पट्टा उमटतो, अंगाची आग आग होते. हीच ती नागीण. तिचं तोंड शेपटीला लागलं की माणूस दगावतो, असं जुनी माणसं सांगत. पण गंमत बघा, असा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. त्यामुळे पट्टा बहुधा मध्यावर येऊन थांबतो आणि विळखा पुरा होतच नाही!

कांजिण्यांचाच विषाणू दुबळा करून नागिणीवर लस निघाली. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ला ती ज्येष्ठांना द्यायला सुरुवात झाली. ऐंशीच्या पुढे तिचा गुण कमी येतो, म्हणून नियम ठरला: जन्म २ सप्टेंबर १९३३चा किंवा नंतरचा असेल तर लस मिळेल, एक दिवस जरी आधीचा असेल तर नाही.

या रुक्ष नियमात केवढा खजिना दडला होता! एरवी लस घेणारा माणूस बहुधा रोज फिरायलाही जातो, रक्तदाबाची गोळीही चुकवत नाही. मग त्याची तब्येत चांगली राहिली, तर श्रेय कशाला द्यायचं? पण आठवडाभराच्या अंतराने जन्मलेल्यांत असा काय फरक असणार? फरक एवढाच, की रेघेच्या अलीकडे जवळजवळ कुणालाच लस मिळाली नव्हती आणि पलीकडे साधारण निम्म्यांनी ती घेतली होती. निसर्गानेच जणू चिठ्ठ्या टाकल्या होत्या!

संशोधकांनी २,८०,०००हून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. २०२५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: लसीमुळे सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं होतं. स्त्रियांमध्ये तर हा परिणाम अधिकच ठळक होता. ऑस्ट्रेलियातही लसीसाठी अशीच जन्मतारखेची रेघ होती आणि तिथेही तोच कल दिसला.

कातडीवरच्या फोडांसाठी टोचलेली लस स्मृतीपर्यंत पोचली कशी? कदाचित निजलेला विषाणू अधूनमधून कूस बदलत असेल, त्यातून मज्जासंस्थेत दाह धुमसत असेल आणि लस त्याला निजवूनच ठेवत असेल. किंवा लसीने थकलेली प्रतिकारशक्तीच एकूण तरतरीत होत असेल. हा उलगडा अजून चालू आहे.

कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलेलं ते पोर आणि सत्तर वर्षांनी नातवाचं नाव आठवू पाहणारी आजी यांच्यामध्ये एक विषाणू उभा असेल, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का? ती शक्यता दाखवून दिली एका जन्मतारखेने!