छंद नाण्यांचा (लेखांक ६) : पिशवी आणणं सोपं, परत करणं अवघड

दहा रुपयांच्या एक हजार नाण्यांचं वजन ७ किलो ७१० ग्रॅम भरतं. रक्कम दहा हजार. पुण्याच्या वारज्यातल्या एखाद्या बँकेच्या शाखेतून एवढी चिल्लर स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी आणायला फारसे कष्ट पडत नाहीत. रात्रीची जेवणं आटोपली की सतरंजीवर नाणी ओतायची, एकेक उलटून बघायचं, हवी ती बाजूला काढायची. इथवर सगळी मजाच आहे. हजारातून दहा-पंधरा नाणी संग्रहात गेली, तर उरलेल्या नऊशे पंच्याऐंशींचं काय करायचं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. मागच्या लेखांकात टाकसाळींच्या खुणांची ओळख झाली. या वेळी नाण्यांच्या येण्या-जाण्याचा आणि त्यात लागणाऱ्या बँकशुल्काचा हिशेब मांडायचा आहे.

हा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. तिथे बँकेत नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या मिळतात. एका गुंडाळीत एक सेंटची पन्नास नाणी, पाव डॉलरची चाळीस. लोक त्या गुंडाळ्या घरी आणून फोडतात ते मुख्यतः चांदीसाठी. तिथली दहा सेंट आणि पाव डॉलरची नाणी १९६४ पर्यंत नव्वद टक्के चांदीची होती आणि त्यातलं एखादं अजूनही व्यवहारातून फिरत येतं. तिथल्या मुरलेल्या छंदींचा एक साधा नियम आहे : नाणी ज्या बँकेतून घ्यायची, त्या बँकेत परत भरायची नाहीत. एक तर तपासलेलीच नाणी पुन्हा आपल्याच हातात येतात, आणि दुसरं म्हणजे नाणी देणारा कॅशियर आणि नाणी मोजून घेणारा कॅशियर एकच असला की तो लवकर वैतागतो.

आपल्याकडे चांदीची आशा धरू नये. १९४० नंतर भारतीय रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. बँकेच्या पिशवीत चांदीचा रुपया येणार नाही. पण म्हणून पिशवी रिकामी नसते. १९९९ सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं अकरा बाजूंचं नाणं, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, १९९० सालचा डॉ. आंबेडकर जन्मशताब्दीचा रुपया, २००७ सालचं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं ही सगळी व्यवहारासाठीच पाडलेली नाणी होती आणि जुन्या गल्ल्यांतून ती आजही वर येतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी मागणी भागेना, तेव्हा सरकारने काही नाणी प्रिटोरिया, मॉस्को, डेगू अशा परदेशी टाकसाळींतून पाडून घेतली. त्यांच्यावर त्या टाकसाळींच्या खुणा आहेत. प्रिटोरियाची खूण म्हणजे लंबगोलातला रोमन लिपीतला एम. असं दोन रुपयांचं नाणं सतरंजीवर सापडतं तेव्हा घरातली झोपायला निघालेली मंडळीही परत येऊन बसतात.

दहा रुपयांच्या नाण्यांची तर वेगळीच मौज आहे. ही नाणी खोटी असल्याची अफवा गावोगाव पसरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढावं लागलं. तोवर दहाचं नाणं चौदा वेगवेगळ्या रचनांत काढलं गेलं होतं आणि चौदाही रचना चलनात वैध आहेत, असं बँकेने त्यात सांगितलं. अफवा मुख्यतः रुपयाचं चिन्ह असलेल्या आणि नसलेल्या नाण्यांवरून होती. सामान्य माणसाचा गोंधळ उडवणारं ते पत्रक संग्राहकाच्या हातात मात्र तयार यादी देऊन गेलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे चौदा प्रकार जमवण्यापासूनच आरंभ करावा. खर्च एकशे चाळीस रुपये, आणि तेही चलनातच राहतात.

आता बँकेकडे वळू. नाणी घेण्याच्या बाजूने नियम छंदींच्या बाजूचे आहेत. शाखेत साठा असताना काउंटरवर आलेल्या माणसाला नाणी नाकारली आणि ते रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळलं, तर त्या शाखेला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय नाणी वाटण्यासाठी बँकांना प्रोत्साहनाची रक्कम मिळते. ती पूर्वी दर पिशवीमागे २५ रुपये होती, १ सप्टेंबर २०२१ पासून ६५ रुपये झाली, आणि ग्रामीण व निमशहरी भागांत वाटप केलं तर वर आणखी १० रुपये. म्हणजे नाणी मागायला आलेला माणूस शाखेकडे उपकार मागत नसतो. एक अट मात्र लक्षात ठेवायला हवी : एका वेळी एका पिशवीपेक्षा जास्त नाणी हवी असतील, तर ती व्यापारी गरजेसाठीच द्यावीत, अशी सूचना बँकांना आहे. छंदासाठी पोतंभर नाणी मागू नयेत. शंभराची पाच-दहा पाकिटं पुरे होतात.

त्यातही टाकसाळीतून आलेली कोरी पाकिटं घेतली, तर शंभरच्या शंभर नाणी एका वर्षाची आणि एका खुणेची निघतात. शोधण्यासारखं त्यात काही नसतं. छंदीला हवी असतात ती लोकांनी भरलेली, मिसळलेली, हाताळून काळवंडलेली नाणी. म्हणून कॅशियरला नम्रपणे स्पष्ट सांगावं, ‘साहेब, कोरी नकोत, ग्राहकांकडून आलेली द्या.’ कॅशियरला बहुतेक वेळा यात आनंदच होतो, कारण ती नाणी त्याच्याकडे पडून असतात आणि कुणी मागत नाही.

खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. नाणी वाटण्यासाठी ६५ रुपये आहेत, पण लोकांकडून नाणी मोजून घेण्यासाठी त्या योजनेत वेगळं काही नाही. नोटा मोजायचं यंत्र प्रत्येक शाखेत असतं, नाणी मोजायचं फार थोड्या ठिकाणी. हजार नाणी हाताने मोजायला कॅशियरचा वेळ जातो आणि मागे रांग वाढते. त्यामुळे ‘आज नको, उद्या या’ हे उत्तर मिळतं. नियमाने ते चूक आहे. सर्व मूल्यांची नाणी शाखेने स्वीकारलीच पाहिजेत आणि खात्यात नाणी भरायला कमाल मर्यादा नाही, हे रिझर्व्ह बँकेने अनेकदा सांगितलं आहे. पन्नास पैशांचं नाणंसुद्धा अजून वैध आहे. बाद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी, ३० जून २०११ पासून.

ही अडचण किती मोठी होऊ शकते, हे शिर्डीने दाखवलं. साईबाबा संस्थानच्या दानपेट्यांतून दर मोजणीला लाखो रुपयांची नाणी निघतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या चार राष्ट्रीयीकृत बँकांनी ठेवायला जागाच उरली नाही असं सांगून नाणी घेणं थांबवलं आणि संस्थानला रिझर्व्ह बँकेकडे दाद मागण्याची भाषा करावी लागली. देवस्थानाची ही गत, तर वारज्यातल्या हौशी माणसाची हजार नाणी कॅशियरला जड वाटली यात नवल नाही. दोष एकट्या कॅशियरचा नाही. नाणी वाटण्याची व्यवस्था आहे तशी ती फिरती ठेवण्याची नाही, हे मूळ दुखणं आहे.

शुल्काचा भाग इथेच येतो. नोटा देऊन नाणी घ्यायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते खात्यात रोख भरताना. बहुतेक बँकांत बचत खात्यात महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत किंवा ठरावीक वेळा रोख भरणा मोफत असतो, त्यापुढे दर हजारी किंवा दर व्यवहारी शुल्क लागतं. काही खासगी बँकांच्या तक्त्यात नाणी आणि कमी मूल्याच्या नोटांसाठी वेगळी ओळ असते. चालू खात्याचे नियम निराळे. आणि जे काही शुल्क लागेल त्यावर १८ टक्के जीएसटी.

एक उदाहरण धरू. समजा मोफत मर्यादा संपल्यावर हजारी पाच रुपये शुल्क आहे. दहा हजारांच्या नाण्यांना पन्नास रुपये, जीएसटी धरून एकोणसाठ. दर आठवड्याला एवढी नाणी भरली तर वर्षाला तीन हजारांवर रक्कम जाते. आता समजा शुल्क दर व्यवहारी शंभर रुपये आहे आणि छंदी एक रुपयाची हजार नाणी घेऊन गेला. एक हजार रुपये भरायला जीएसटीसह एकशे अठरा रुपये! याचा अर्थ सरळ आहे. शुल्क रकमेवर असेल तर एक-दोन रुपयांची नाणी तपासणं स्वस्त पडतं, कारण थोड्या पैशांत पुष्कळ नाणी हातात येतात. शुल्क व्यवहारावर असेल तर परतीच्या फेऱ्या कमी करायच्या आणि मोफत मर्यादेच्या आतच राहायचं. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक बँकेचा तक्ता वेगळा असतो आणि तो संकेतस्थळावर किंवा शाखेत बघायला मिळतो.

कॅशियरचं काम हलकं करणं हा शुल्काइतकाच महत्त्वाचा भाग. रिझर्व्ह बँकेची सूचना अशी आहे की नाणी, विशेषतः एक आणि दोन रुपयांची, शक्यतो वजनावर घ्यावीत आणि शंभर-शंभरची प्लास्टिक पाकिटं असावीत. सूचना चांगली, पण व्यवहारात ती अडते. का, ते रुपयाच्या नाण्यावर कळतं. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ नंतरचा ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा. शंभर रुपयांचं पाकीट तराजूवर ४८५, ३७९ किंवा ३०९ ग्रॅम दाखवतं. तिन्ही मिसळली की वजनाला काही अर्थच उरत नाही. पाचाच्या नाण्याचंही तसंच : जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, नंतरचं ६ ग्रॅमचं.

मालिकेनुसार नाणी वेगळी करणं हे तर संग्राहकाचं रोजचंच काम. तपासतानाच त्याने तीन ढीग केले, प्रत्येकी शंभराची पाकिटं बांधली आणि पाकिटावर मालिका व वजन लिहिलं, तर कॅशियरला मोजायचं काही उरत नाही. एक पाकीट उघडून खात्री करायची, बाकी तराजूवर टाकायची. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असला की हे सहज होतं. महिन्याचा पहिला आठवडा आणि सोमवार टाळावा, दुपारी गर्दी ओसरल्यावर जावं.

तरीही बँक हा परतीचा दुसरा मार्ग समजावा. पहिला मार्ग दुकानांचा. यूपीआयने रोजचे व्यवहार फोनवर गेले असले, तरी माळवाडीतला भाजीवाला, कोपऱ्यावरचा वाणी, अमृततुल्यवाला यांना सुट्ट्यांची चणचण भासतेच. नीट मोजून बांधलेलं शंभराचं पाकीट त्यांना हवंच असतं आणि बदल्यात नोट मिळते. शुल्क शून्य, रांग नाही, आणि वारज्यातली नाणी वारज्यातच फिरती राहतात. कायद्याने दुकानदारावर एका व्यवहारात एक हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम नाण्यांत घेण्याची सक्ती नाही. २०११ च्या नाणे कायद्यातली ही मर्यादा दुकानदाराला आहे, बँकेतल्या भरण्याला नाही.

मात्र सुट्टे देताना वर कमिशन घेऊ नये. शंभराच्या नोटेला नव्वदचे सुट्टे देण्याची पद्धत काही बाजारांत आहे, पण दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने विकण्यासाठी किंवा वितळवण्यासाठी गरजेबाहेर नाणी साठवायला कायद्याचा विरोध आहे. जाड पाचाच्या नाण्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीवर गेली, तेव्हा ती वितळवण्याचा आणि सीमेपलीकडे नेण्याचा धंदा चालला होता. कायद्याचा रोख अशा साठेबाजांवर आहे. निवडक नाणी संग्रहात ठेवून बाकी चलनात परत करणारा छंदी त्यात बसत नाही, पण घरात पोती साचू देऊ नयेत.

आणखी एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगायला हवं. ‘तुमच्याकडचं दोनचं नाणं लाखोंना विकत घेतो, आधी नोंदणीशुल्क भरा’ अशा जाहिराती फोनवर येत राहतात. त्यांत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलं की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असं कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. शिवाजी महाराजांचं दोनचं नाणं सुंदर आहे, पण लाखाचं नाही. नाण्याचा खरा भाव समजून घ्यायचा असेल, तर पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स ही संस्था ‘कॉइनेक्स’ प्रदर्शन भरवते. तिथे जाणकारांना नाणं दाखवता येतं. त्या प्रदर्शनावर पुढचा लेखांक आहे.

शाखेने नाणी घ्यायला साफ नकार दिला, तर वाद घालत बसू नये. शाखा व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

वाचकांना एवढीच विनंती : पहिलं पाकीट आणण्याआधी आपल्या बँकेचा शुल्काचा तक्ता मागून घ्या आणि त्यात रोख भरण्याची मोफत मर्यादा कुठे संपते ते बघा. आणि नाणी परत नेताना ती मालिकेनुसार वेगळी करून, शंभरा-शंभराची बांधूनच काउंटरवर ठेवा.