फील्डवर्कसाठी महिन्याची खोली

समजा, ऊसशेतीवरच्या कामासाठी कोऱ्हाळे बुद्रुकला तीन महिने राहायचंय. 'फर्निश्ड रूम' असं विचारलंत तर थेट बारामतीतले फ्लॅट दाखवतील, भाडंही तसंच. त्यापेक्षा कॉट, गादी, पंखा, गॅस आहे का, पाणी नळाचं की बोअरचं, लाइटचा मीटर वेगळा का, असं सुटं विचारा. निरा-बारामती रस्त्याला लागून खोली घेणार असाल तर गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात, एवढं धरून चला.

खरी गोची कागदाची. 'अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही' हे १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून आलंय. पण पुण्यासारख्या शहरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ मुदत बघत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. गावातला मालक "कशाला कागद?" म्हणेल. तरी कराच, ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, शहरात १०००. डिपॉझिट परत मागताना आणि विद्यापीठात बिल लावताना हाच कागद लागतो.

महिनाभराचंच काम असेल तर आधी गाइडच्या पत्रावर माळेगावच्या कृषी संस्थांच्या अतिथीगृहात विचारून बघा.